शिंगे तीन तऱ्हेची, भुंगेरा एकच : ओन्थोफॅगस टॉरस कसा ओळखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे : शेणाच्या एकाच पोमधून आठ-दहा मिलिमीटरचे काळे भुंगेरे निघाले. काहींच्या डोक्यावर बैलासारखी दोन लांब, मागे वळलेली शिंगे, काहींच्या डोक्यावर नुसते दोन कोंब, आणि बाकीच्यांना शिंगेच नाहीत. शिंगांवरून शोधत गेल्यावर तीन वेगळी नावे हाती आली. खालची माती उकरताना एक गोळा फुटला आणि त्यातून तांबूस, मऊ भुंगेरा निघाला, तो चौथाच वाटला. या किती जाती, आणि ठरवायचे कशावरून?

आधी उत्तर सांगतो. जात एकच आहे, ओन्थोफॅगस टॉरस. लांब शिंगांचे ते मोठे नर, कोंबवाले ते छोटे नर, आणि बिनशिंगी त्या बहुतेक माद्या. बहुतेक म्हणतो, कारण त्यांच्यात एखादा अगदीच लहान नर मिसळलेला असतो आणि वरवर पाहिले तर तो मादीच वाटतो. तांबूस भुंगेराही याच घरातला आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

शिंगे ही या किड्याच्या अंगावरची सर्वांत ठळक खूण, आणि जात ठरवायला तीच सर्वांत कमी भरवशाची. शेणकिड्यांच्या पेट्या लावायला लागलो त्या पहिल्या वर्षी मीही याच जातीचे नमुने तीन रांगांत टोचून तीन चिठ्ठ्या लावल्या होत्या. ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्यांनी काही न बोलता तिन्ही रांगांतला एकेक नमुना उलटा करून भिंगाखाली ठेवला. पोटाच्या बाजूने पाहिल्यावर पाय, नडग्या, पायांच्या मुळांमधले अंतर, सगळे तंतोतंत सारखे. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे : आधी पोट, मग पाठ, डोके सगळ्यात शेवटी.

तुम्हीही तसेच करा. एक मादी कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब घालून मऊ ब्रशने धुऊन घ्या. हे टाळू नका. वाळलेल्या शेणाचा पातळ थर पाठीवरचे खळगे बुजवतो, चकाकी घालवतो, आणि अंगावरचे बारीक केस चिकटवून टाकतो. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, कारण ओला भुंगेरा असतो त्यापेक्षा काळा दिसतो. मग दहापट भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहा.

डोके म्हणजे चक्क एक फावडे आहे. पुढची कड पातळ आणि गोलाकार, वरून पाहिले तर जबडा दिसतच नाही, तो या ढालीखाली झाकलेला असतो. ढालीच्या दोन्ही बाजूंची पट्टी डोळ्यात घुसते, त्यामुळे डोळ्याचा थोडासाच भाग वरून दिसतो आणि बाकीचा खालच्या बाजूला असतो. मिशा आखूड, नऊ पेरांच्या. शेवटची तीन पेरे पानांसारखी चपटी असून पंख्याप्रमाणे उघडतात आणि मिटतात. शेणाचा वास हवेतून टिपायचे काम याच पानांचे. पानांसारखी पेरे असलेली ही मिशी स्कॅरॅब कुळाची ओळख आहे, मग किडा तीन मिलिमीटरचा असो की मुठीएवढा.

डोक्यामागचा वक्षाचा भाग रुंद, फुगीर, आणि टाचणीच्या टोकाने टोचल्यासारख्या बारीक खळग्यांनी भरलेला. रंग काळा, पण उजेड तिरका पडला की कधी कधी कांस्याची मंद झाक दिसते. पाठीवरचे टणक पंख काळे ते गडद तपकिरी, त्यांवर लांबीच्या दिशेने रेघा. हे पंख आखूड असतात, त्यामुळे पोटाचा शेवटचा तुकडा मागून उघडा राहतो. आता पंख जिथे वक्षाला भिडतात ती जागा नीट पाहा. पुष्कळ भुंगेऱ्यांत तिथे मधोमध एक छोटा त्रिकोण असतो. इथे तो दिसत नाही. ही खूण लक्षात ठेवा, कारण त्याच शेणात राहणारे ॲफोडियस गटातले लांबट, नळकांड्यासारखे छोटे भुंगेरे याच त्रिकोणावरून पटकन वेगळे काढता येतात. त्यांना तो स्पष्ट असतो. शिवाय त्यांच्या मागच्या नडगीच्या टोकाला दोन काटे असतात आणि ओन्थोफॅगसला एकच.

उलटे केल्यावर मधल्या पायांची मुळे एकमेकांपासून चांगली लांब दिसतील. मागच्या नडग्या टोकाकडे कर्ण्यासारख्या रुंद होत जातात, पुढच्या नडग्यांना बाहेरच्या कडेला चार दाते. हे दाते खोदताना झिजतात. हंगामाच्या शेवटी सापडलेल्या म्हाताऱ्या मादीचे दाते गुळगुळीत गोटे झालेले असतात, म्हणून दातांच्या धारेवरून जात ठरवू नका. नुकती बाहेर पडलेली की बरेच खोदून झालेली, एवढे मात्र त्यावरून बरोबर कळते.

इतके जुळले म्हणजे गट ठरला. हा गट अवाढव्य आहे. ओन्थोफॅगसमध्ये दोन हजारांहून जास्त जातींची नोंद आहे. टॉरस ही त्यांतली फार आधी नाव मिळालेली जात. जर्मन निसर्ग-अभ्यासक श्रेबर यांनी १७५९मध्ये तिचे वर्णन केले, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची आजची पद्धत जिथून मोजतात त्या १७५८च्या दुसऱ्याच वर्षी. टॉरस म्हणजे बैल. नाव अर्थातच मोठ्या नराच्या शिंगांवरून पडले.

नर-मादीचा घोळ असा सोडवा. मादीच्या डोक्यावर दोन आडव्या कडा असतात, एक पुढे आणि एक मागे, शेतातल्या बांधासारख्या उठलेल्या. नरात पुढची कड पुसट किंवा नाहीशी, आणि मागच्या कडेच्या दोन टोकांना शिंगे किंवा त्यांचे कोंब. नर फारच लहान असेल तर कोंबही जवळजवळ नसतात. मग पुढच्या नडग्या पाहा : मादीच्या आखूड, रुंद, दणकट, कारण खोदाईचा मोठा भार तिच्यावर. नराच्या त्या मानाने लांब आणि सडपातळ. तरीही शंका राहिली तर पोटाचा शेवटचा खालचा पट्टा बघा. मादीत तो मधोमधही रुंदच राहतो, नरात मध्ये चिमटा घेतल्यासारखा अरुंद होतो. ही खूण मला आजवर कधी फसवलेली नाही, छोट्यातल्या छोट्या नरातही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. एकाच जातीच्या नरांत एवढा फरक का? कारण नराची शिंगे तो अळी असताना त्याच्या वाट्याला आलेल्या शेणावर ठरतात.

मादी पोच्या खाली बोगदा खणते, वरून शेण ओढून आत नेते आणि दाबून दाबून लांबट गोळा बनवते. गोळ्याच्या एका टोकाला छोटी पोकळी ठेवून तिच्यात एकच अंडे घालते. अंड्याखाली ती स्वतःच्या विष्ठेचा एक लहानसा चौथरा रचते. अळी बाहेर पडल्यावर पहिला घास त्याचाच घेते आणि आईच्या पोटातले पचनाला उपयोगी जिवाणू तिला त्यातून मिळतात. मग गोळा बंद होतो. पुढचे सगळे आयुष्य अळीने त्याच शिदोरीवर काढायचे. बाहेर जाऊन आणखी शेण आणायची सोय नाही. गोळा मोठा आणि शेण कसदार असेल तर भुंगेरा मोठा होतो, नाहीतर लहान राहतो. शिदोरी लवकर संपली तर अळी उपाशी थांबून राहत नाही. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात असेल तर ती आहे त्या आकारावरच कोषात जाते. अंड्यापासून भुंगेरा व्हायला उबदार मातीत साधारण महिनाभर लागतो.

शरीर लहान झाले म्हणून शिंगेही त्याच प्रमाणात लहान, असे मात्र होत नाही. इथे एक उंबरठा आहे. वक्षाची रुंदी साधारण ५ मिलिमीटरच्या खाली राहिली तर नराला नुसते कोंब फुटतात. उंबरठा ओलांडला की शिंगे एकदम लांब होतात. मधल्या लांबीच्या शिंगांचे नर असतात, पण थोडे. शंभरेक नरांची वक्षाची रुंदी आणि शिंगांची लांबी मोजून आलेख काढा, सरळ रेघ येणार नाही, तिरपा ताणलेला इंग्रजी एस मिळेल. नरांतच तुम्हाला दोन जाती वाटल्या त्या यामुळेच. तुमच्या पोमध्ये मधले दुवेच जवळजवळ नव्हते.

डग्लस एम्लेन आणि फ्रेडरिक नायहाउट या जीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा उंबरठा शरीरातल्या संप्रेरकांच्या हिशेबावर चालतो. कोषात जाण्याआधीच्या ठराविक दिवसांत बाल-संप्रेरकासारखे (अळीची वाढ सांभाळणाऱ्या संप्रेरकासारखे) रसायन लावले तर ज्या लहान नराला एरवी कोंबच आले असते त्याला शिंगे फुटतात. म्हणजे लहान नरातही शिंगांचा आराखडा असतोच, तो वापरला जात नाही एवढेच. मादीचेही तसेच. आर्मिन मोचेक यांच्या प्रयोगशाळेतून २०१२मध्ये आलेल्या कामात, नर-मादीचा भेद राखणाऱ्या डबलसेक्स नावाच्या जनुकाचे काम मंद केल्यावर टॉरसच्या माद्यांच्या डोक्यावर शिंगे उगवली आणि मोठ्या नरांची आखूड झाली.

ही शिंगे कशासाठी, ते दोन काचांमध्ये माती भरून पाहता येते. काचांमधले अंतर बोटाच्या जाडीएवढे, वर शेणाचा थर, आणि काचेवर लाल पारदर्शक कागद, कारण लाल उजेडाने भुंगेऱ्यांची फारशी चलबिचल होत नाही. मी अशा काचेसमोर कित्येक रात्री बसलो आहे. मादी खाली गोळा बांधत असते, मोठा नर बोगद्याच्या तोंडाशी किंवा मधे ठाण मांडून असतो. दुसरा मोठा नर आत शिरला की दोघे डोक्याला डोके लावतात. शिंगे एकमेकांत अडकतात, सहा पाय मातीत रुततात, आणि रेटारेटी सुरू होते. आवाज नाही, उड्या नाहीत. नुसता जोर. काही मिनिटांनी एक जण मागे सरकू लागतो आणि अखेर बोगद्याबाहेर निघतो. २०१०मध्ये रॉबर्ट नेल आणि ली सिमन्स यांनी या जातीच्या नरांच्या पाठीला दोरा बांधून त्यांना उलट ओढून पाहिले. सर्वांत ताकदवान नराने स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट ओढ सहन केली. सत्तर किलोच्या माणसाने जवळपास ऐंशी टन पेलावे तसे हे झाले.

छोटा नर या कुस्तीत पडत नाही. तो जवळच दुसरे बीळ पाडतो, मुख्य बोगद्याला बाजूने जाऊन मिळतो, मादीशी जुगतो आणि त्याच वाटेने निघून जातो. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला बहुधा पत्ताही लागत नाही. अरुंद बिळात लांब शिंगे अडकलीच असती. मोठा नर मात्र वरून शेण आणून द्यायला मादीला मदत करतो आणि त्याच्या मदतीने बांधलेले गोळे जास्त वजनदार होतात. छोटा नर ते करत नाही. कोंबवाल्या नरांना ‘खुरटलेले’ म्हणायची पद्धत मला त्यामुळे पटत नाही. त्यांचा जगण्याचा मार्ग वेगळा आहे आणि शरीर त्याला साजेसे आहे.

उंबरठाही सगळीकडे सारखा नाही. ही जात मुळात भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातली. ऑस्ट्रेलियात गुरे १७८८पासून आली, पण तिथले मूळ शेणकिडे कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईचे ओले, पसरट पो तसेच पडून राहायचे, त्यांत माश्या वाढायच्या आणि खालचे गवत मरायचे. कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांनी बाहेरचे शेणकिडे आणायची कल्पना मांडली आणि १९६५ ते १९८५ या काळात सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने ती अमलात आणली. रोग येऊ नयेत म्हणून अंडी निर्जंतुक करून हाताने बनवलेल्या शेणगोळ्यांत वाढवली जात. टॉरस तिथे चांगलाच रुजला. अमेरिकेत तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात आढळला आणि पुढे पूर्व भागात पसरला. आता दोन्हीकडचे नर मोजले तर पश्चिम ऑस्ट्रेलियात लांब शिंगे फुटायला शरीर जास्त मोठे असावे लागते. दोन्हीकडचे भुंगेरे एकाच प्रयोगशाळेत, एकाच शेणावर वाढवले तरी हा फरक टिकतो, म्हणजे तो वंशात उतरला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात एकेका पोमध्ये भुंगेऱ्यांची दाटी फार. तिथे मध्यम आकाराच्या नराला लढून काही मिळण्याची शक्यता कमी, म्हणून चोरवाट धरणेच त्याला फायद्याचे, असा मोचेक यांचा अर्थ आहे. अवघ्या काही दशकांत एवढा बदल झाला, हे मला आजही थक्क करते. म्हणून कुठल्याही पुस्तकात दिलेले माप तुमच्या जागेला जसेच्या तसे लावू नका.

शिंगे फुकट मिळत नाहीत. कोषात असताना सगळे अवयव त्याच साठ्यातून बनतात, आणि ज्याच्या शेजारी शिंग वाढते त्याच्या वाट्याचे कमी होते. एम्लेन यांनी वेगवेगळ्या जाती मोजून दाखवले की शिंग डोळ्यांजवळ असेल तर डोळे लहान, मिशांजवळ असेल तर मिशा लहान, वक्षावर असेल तर पंख लहान. टॉरसची शिंगे डोक्याच्या मागच्या कडेला, म्हणून किंमत डोळे मोजतात. तुमच्याकडे लांब शिंगांचा नर आणि साधारण तेवढ्याच अंगाची मादी असेल तर दोघांची डोकी बाजूने पाहा.

सारखीच दिसणारी जात म्हणून लक्ष द्यावे अशी एकच, ओन्थोफॅगस इलिरिकस. तिलाही तशीच शिंगे, आकारही तोच, आणि दोघी एकाच पोमध्ये सापडू शकतात. वक्षाच्या पृष्ठभागात आणि झळाळीत थोडा फरक असतो, पण झिजलेल्या नमुन्यात तो वाचता येत नाही. दोन्ही जाती असलेल्या प्रदेशातला नमुना असेल तर मी नराचे जननेंद्रिय काढून पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाही, तुम्हीही घाई करू नका. गॅझेला नावाच्या शेणकिड्याशी गल्लत व्हायचे कारण नाही. त्याचे पंख पिवळट तपकिरी, अंग थोडे मोठे, आणि नराची शिंगे आखूड. आणि शिंगे म्हणजे नर हा नियमही गटभर चालत नाही. ओन्थोफॅगस सॅजिटॅरियसमध्ये डोक्यावर आणि वक्षावर मधोमध मोठी शिंगे मिरवते ती मादी.

पुढच्या वेळी नमुने गोळा करताना पो बादलीभर पाण्यात हलक्या हाताने सोडा. भुंगेरे थोड्या वेळात वर तरंगतात, उचकटून काढताना शिंगांची टोके मोडतात तशी मोडत नाहीत. फोटो काढाल तर तीन काढा : पाठ, बाजू आणि समोरून डोके. प्रत्येक नमुन्याच्या वक्षाची सर्वांत जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. एकूण लांबी लिहून उपयोग नाही, कारण डोके आत ओढले की तीच लांबी कमी भरते.

राहिला तो तांबूस भुंगेरा. तो नुकताच कोषातून निघालेला आहे, त्याचे कवच अजून टणक झालेले नाही. फुटलेल्या गोळ्यात आणखी शोधा, कोषाची कात सापडली तर जपून ठेवा. टॉरसच्या कोषाला, नर असो की मादी, वक्षावर मधोमध पुढे रोखलेले एक शिंग असते, आणि भुंगेरा बाहेर येईपर्यंत ते शरीरात परत जिरलेले असते. मोचेक यांच्या मते अळीचे डोक्याचे जुने कवच कात टाकताना फोडायला ते उपयोगी पडते. पुढेमागे एखाद्या गोळ्यात पांढुरका, एकशिंगी कोष दिसला तर तो पाचव्या जातीचा समजू नका.

तांबूस भुंगेरा लगेच अल्कोहोलमध्ये टाकू नका, मऊ कवच आक्रसते आणि आकार बिघडतो. झाकणाला भोके पाडलेल्या डबीत ओलसर माती घालून त्यात ठेवा, अंधारात. काही दिवसांत तो तपकिरी आणि मग काळा पडेल. तेव्हा त्याची मापे घ्या. शिंगे मात्र आज जेवढी आहेत तेवढीच राहतील.